मोठ्या आईची केरळची विहीण

आमच्या मोठ्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या काकूला, मध्ये कोणी बोललेलं खपत नसे. फुलसावंगीतले भले भले तिच्यापुढे गप्प बसत. त्या बाईने उतारवयात फोनला मात्र मध्ये बोलू दिलं, आणि तेही विहिणीशी बोलताना!

तिच्या मुलाने, माझ्या चुलतभावाने, म्हणजे सतीशने केरळची शीजा बायको करून आणली. शीजा मराठी शिकली. तिच्या आईला, लीलाम्मांना, मल्याळमच येई. म्हणून मी मोठ्या आईच्या फोनवर भाषांतर सुरू करून दिलं. ती इकडून बोलायची, तिकडे मल्याळममध्ये मेसेज जायचा. शीजा असताना हे कशाला, असं मी विचारलं. "सून मधात पडली का दोघींलेही गोड गोड सांगते. मशीन कोनाच्याच घरचं नाही," ती म्हणाली.

तिची वऱ्हाडी फोनला झेपेना, म्हणून मी शुद्ध मराठीत सांगू लागलो. "माह्या बोलण्याले इस्त्री कायले करून राह्यला?" म्हणत तिने फोन हिसकावला आणि नीट जाईपर्यंत तेच तेच बोलत बसली. पहिलं वाक्य ठरलेलं, "जेवल्या काय?" उत्तर आल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. लीलाम्मा इमानाने मासा कोणता होता तेही कळवायच्या. आमच्या घरात मासा कधी शिजला नव्हता. मोठी आई नाक मुरडायची आणि तिखट किती घातलं ते विचारायची.

शीजाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज दोन्हीकडचा. पण डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हणून बजावलं. "माझी मुलगी तुम्हीच अडवून धरली," एवढं लिहून लीलाम्मांनी बोलणंच बंद केलं. शीजा रडून रडून अर्धी झाली.

मोठ्या आईने फोन तोंडाशी धरला. "आज जेवल्या काय इचारत नाही. तुमीच इकडं या. बाळंतपण तुमच्याच हातानं होईन. सैपाकघर तुमचं, मी हाताखाली."

तिच्या स्वयंपाकघरातल्या डब्याला हात लावायची मोठ्या बाबांचीही हिंमत नव्हती.

लीलाम्मा आल्या आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे मासा शिजला. मोठी आई नाकाला पदर लावून उंबऱ्यात लसूण सोलत होती. शेजारीण खवचटपणे म्हणाली, "काहून वं काकू, सून तुमची अन् राज विहिणीचं?"

"लेक तिची हाय वं. नऊ महिने तिनं वागवली, मले तं आयती भेटली."

आज मोठी आई नाही. पण 'ही माझी मोठी आई' असं त्या दिवशी गावभर सांगत सुटावंसं वाटलं होतं, ते अजूनही वाटतं.