लाव्यांसाठी सुंठ-ओवा

रामनगरचं हे घर आम्ही भाड्यानं घेतलं ते मागच्या अंगणाच्या मोहानं. यांची बँक नदीपलीकडे, त्यामुळे दिवसभर घरात मी एकटीच. सोबत म्हणून मी अंगणात लावे पाळले. इकडे उत्तरेत त्यांना बटेर म्हणतात. मुठीत मावणारे तपकिरी पक्षी, सतत काहीतरी कुजबुजणारे. दिवाळीपर्यंत रोज दुपारनंतर त्यांची ठिपक्याठिपक्यांची अंडी मिळायची.

मग पौषातला कोहरा, इकडचं दाट धुकं, उतरला. सूर्य दिसेना. अंडी कमी होत होत बंदच पडली. पक्षी पिसं फुगवून एकमेकांना चिकटून बसायचे. मी पिंजऱ्याला पोत्याचे पडदे लावले, खाली पेंढा घातला, पाण्यात दुकानदारानं दिलेले व्हिटॅमिनचे थेंब टाकले. फारसा फरक पडला नाही.

त्याच दिवसांत सासूबाई आमच्याकडे आल्या. त्या नदीपलीकडे रामघाटावर राहणाऱ्या. घरात पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य, कांदा-लसूण वर्ज्य, अंडं तर उंबऱ्याच्या आत कधी आलंच नाही. गारठ्यात तिथल्या पायऱ्या गुडघ्यांना सोसेनात म्हणून हे त्यांना घेऊन आले. मला मात्र पिंजऱ्याची धास्ती होती. विचारलं तर काय सांगायचं, हे मी मनात घोळवत होते.

दुसऱ्या सकाळी त्या चहा घेता घेता थांबल्या. “अगं, मागे कोण शिंकतंय?”

“लावे आहेत, आई. त्यांना सर्दी झालीय.”

त्या काठी टेकत अंगणात गेल्या. मी पोतं वर केलं. त्या वाकून एकेक पक्षी बघू लागल्या.

“अंडी देतात?”

“देत होते. थंडीनं बंद झालीत.”

“होणारच. रोज अंडं म्हणजे रोजचं बाळंतपण. बाळंतिणीपुढे कुणी असे गार दाणे टाकतं का?”

दुपारी त्यांनी सुंठ, ओवा, थोडी मिरी आणि हळद मागितली. ओवा तव्यावर शेकला, सगळं खलबत्त्यात कुटलं आणि पूड दाण्यांवर भुरभुरली. लाव्यांनी दाणे तेवढे टिपले, पूड तळाशी तशीच राहिली. सासूबाई जरा खट्टू झाल्या. मग त्यांनीच दाण्यांना मोहरीच्या तेलाचं बोट चोळलं आणि त्यावर पूड माखली. या वेळी भांडं चाटूनपुसून रिकामं झालं.

“लसणाचाही गुण येतो म्हणतात,” मी भीत भीत म्हटलं.

“तो तू ठेच. मी हात लावणार नाही.”

मीच ठेचत होते. पण एका सकाळी मला उठायला उशीर झाला, स्वयंपाकघरात गेले तर नाकावर पदर घट्ट धरून, तोंड फिरवून त्या पाकळ्या ठेचत होत्या. मी पाऊल न वाजवता मागे फिरले. नंतर त्यांनी अंघोळ केली आणि मगच देवापुढे बसल्या.

एक मादी मात्र सुधारेना. डोळे मिटून कोपऱ्यात बसायची. सासूबाईंनी तिला टोपलीत ठेवून घरात आणायला सांगितलं. खोलीत शेकायला निखाऱ्यांची बोरसी, मातीची शेगडी, होती, तिच्यापासून हातभर लांब, धूर लागणार नाही अशी जागा त्यांनी स्वतः निवडली. कोमट गुळाचं पाणी मी चमच्यानं तिच्या चोचीला लावायचे आणि त्या जवळ बसून तिच्याशी बोलायच्या, “घे गं बाई, एवढं घे.” हे बँकेतून आले की आधी टोपलीत डोकावायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती टोपलीबाहेर उडी मारून सासूबाईंच्या जपमाळेवर चोच मारू लागली. त्या हसल्या, तेव्हा त्यांचे खांदे हलत होते.

संक्रांतीनंतर कोहरा विरला, ऊन अंगणात येऊ लागलं, आणि एका संध्याकाळी पेंढ्यात एक अंडं सापडलं. यांचं म्हणणं, दिवस मोठा झाला, उजेड वाढला म्हणून. सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही. त्यांनी अंड्याला हात लावला नाही. मी ते तळहातावर धरलं आणि त्यांनी चष्मा सावरून निरखलं.

“कवच पातळ दिसतंय,” त्या म्हणाल्या. “चुना कमी पडतोय. काही मिळतं का बाजारात?”

मी त्याच आठवड्यात शिंपल्यांची भुकटी आणली. त्या महाशिवरात्रीला घरी परतायच्या होत्या, पण होळीपर्यंत राहिल्या. आता फोन आला की यांची तब्येत विचारायच्या आधी लाव्यांची विचारतात. परवा मी म्हटलं, “आई, अंगणात आता ऊन चांगलंच तापतंय.”

“मग सुंठ बंद कर,” त्या म्हणाल्या. “पोटाला गरम पडेल. धणे-जिऱ्याचं पाणी ठेव त्यांना. आणि हो, सावलीत ठेव.”