लाईनमनचे पाच भाग

चार माणसं एका खोलीत दोन वर्षं बसली की काम होवो न होवो, किस्से होतातच! आमच्याकडे ते इतके साचलेत, की नवीन माणूस आला की त्याला आधी चहा द्यायचा की किस्सा, यावरून भांडणं होतात. म्हणून थोडे इथे उतरवून ठेवतो.

खोली आदिलाबादच्या बसस्टँडमागे, बी-बियाण्यांच्या दुकानाच्या वर. काम म्हणजे गेम बनवणं. एका लाईनमनवर तीन सिनेमे आले होते. गावातली लाईट जाते, हा खांबावर चढतो आणि वरून त्याला चोरी दिसते! त्या सिनेमांवर आम्ही पाच भागांचा गेम करत होतो. मारधाड अजिबात नाही. पडद्यावरच्या वस्तूवर क्लिक करायचं, ती लाईनमनच्या पिशवीत टाकायची, योग्य जागी वापरायची आणि चोर शोधायचा. एक भाग झाला की बाजारात सोडायचा, मग पुढचा.

प्रोग्रामिंग प्रशांतभाऊचं, आवाजांचं रेकॉर्डिंग मंचेरियलच्या नरसिंगचं, संवाद माझे आणि चित्रं सुनीताची. ती तामसीहून रोज बसने यायची. शाळेतली ड्रॉइंग टीचरची नोकरी सोडून आली होती आणि तिच्या बाबांनी बजावलं होतं, "पाचवा भाग होईस्तोवर काई बोलत नाई. मंग मी सोता येऊन पाहीन. काम वाटलं तर ठीक, नाई तर जूनपासून शाळा!"

हेडमास्तरांनी तिची जागा धरून ठेवली होती. सुनीताशिवाय आमचा गेम म्हणजे नुसता काळा पडदा. तिला तर शाळेचं नाव काढलं तरी जेवण जायचं नाही. आम्ही तिघे हसण्यावारी न्यायचो, पण जूनचं नाव आम्हीही काढत नव्हतो.

*

पहिल्या भागाच्या वेळी ऑफिसची लाईट गेली. लाईनमनच्या गेमचं ऑफिस, आणि लाईट नाही! खरा लाईनमन आला, त्याने फ्यूज बदलला आणि जाता जाता त्याची नजर सुनीताच्या स्क्रीनवर पडली. तो तिथेच थबकला.

"हातमोजे कुठं हायेत याचे? बिना हातमोज्याचा काऊन चढवून राह्यले याले?"

सिनेमात हिरो तिन्ही वेळा मोकळ्या हातांनीच चढला होता. प्रशांतभाऊने मुंबईला सिनेमाच्या निर्मात्यांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिकडून उत्तर आलं, "छे छे! हिरोचे हात प्रेक्षकांना दिसले पाहिजेत!"

लाईनमन फोनवर वाकून म्हणाला, "साहेब, राह्यले तर दिसतीन ना!"

तेव्हापासून पिशवीतली पहिली वस्तू हातमोजे.

*

आमची एक पद्धत होती. प्रत्येक भाग अशा माणसाला खेळायला द्यायचा, ज्याने आयुष्यात गेम पाहिलेला नाही. तो खेळत असताना आपण तोंड उघडायचं नाही. जो बोलेल त्याने खाली जाऊन चहा आणायचा.

दुसऱ्या भागाला प्रशांतभाऊचे सासरे आले, रिटायर्ड गिरदावर. महसूल खात्यात जमिनीची तपासणी आणि पंचनामे करण्यात उभी नोकरी गेली. त्यांनी आधी कागद मागितला, पेन मागितला. कंदील दिसला, लिहिला. दोर दिसला, लिहिला, आणि कंदिलापासून किती अंतरावर तेही लिहिलं. दोन तास झाले तरी एक वस्तू उचलली नाही!

शेवटी प्रशांतभाऊच्याने राहवेना. "मामा, उचला ना काहीतरी!"

सासरे चष्म्यावरून बघत म्हणाले, "पंचनामा झाल्याबगर? आणि जावईबापू, तुमी बोलले. चहा आणा!"

पुढे आम्ही गेममध्ये खरोखरच पंचनाम्याची वही टाकली. खेळणाऱ्यांना सगळ्यात जास्त तीच आवडली.

*

तिसऱ्या भागात माझी शोभा झाली. अशा गेममध्ये लोक काहीही करून बघतात. शिडी म्हशीला लावतील, पाना देवळातल्या घंटेला लावतील. प्रत्येक वेळी लाईनमनने नकार द्यायला हवा, आणि ते सगळे नकार मी लिहायचे! दिवसभर मी दुसरं काहीच लिहीत नव्हतो.

एका संध्याकाळी घरी गेलो. बायको म्हणाली, "अहो, तेवढा सिलेंडर आत आणता का?"

माझ्या तोंडून निघालं, "याचा इथे काही उपयोग नाही."

बायकोने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "बरं. मग आज ताटावर क्लिक करू नका!"

*

चौथ्या भागाच्या तेलुगू आवृत्तीत खलनायकाचा आवाज नरसिंगने स्वतःच दिला. खूश होऊन त्याने मंचेरियलला आईला ऐकवला. माउलीने अर्धा तास ऐकलं, मग दार लावून त्याला समोर बसवलं.

"खरं सांग," ती तेलुगूत म्हणाली, "त्या बिचाऱ्या लाईनमनने तुझं काय बिघडवलं?"

*

आणि पाचवा भाग झाला.

सुनीताचे बाबा, मारोतराव, तिच्याबरोबरच बसने आले. धुतलेला शर्ट, खांद्यावर दुपट्टा. कापसाचा शेतकरी माणूस, खुर्चीत अगदी ताठ बसले. सुनीता भिंतीला टेकून उभी राहिली. तिचा चेहरा मला बघवेना.

पडद्यावर भर दुपारचं गाव होतं. रस्त्याच्या कडेला बैलगाडी, गाडीत शिडी. शिडी उचलायची आणि खांबावर चढायचं, इतकं सोपं.

मारोतरावांनी बैलांवर क्लिक केलं.

"याचा इथे काही उपयोग नाही," लाईनमन म्हणाला.

त्यांनी पुन्हा बैलांवर क्लिक केलं. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा त्यांनी वळून आमच्याकडे पाहिलं. "उपयोग नाई म्हंते!"

नियम मोडून सुनीता बोलली, "बाबा, शिडी उचला ना."

"शिडी कुठं पळून जाते काय? जोडी उन्हात उभी हाये. जू तर काढू दे त्याहीचं!"

बैल म्हणजे मागचं चित्र होतं. त्यांना सोडायची सोय प्रशांतभाऊने केलीच नव्हती. मारोतराव क्लिक करत राहिले, लाईनमन नकार देत राहिला, आणि ते सगळे नकार माझेच होते. मला खुर्चीखाली जावंसं वाटलं.

मग ते एकदम थांबले. चष्मा पुसून स्क्रीनजवळ गेले आणि डाव्या बैलाच्या मोडक्या शिंगावर त्यांनी बोट ठेवलं.

"सुने, हा आपला बांड्या?"

"हाव, बाबा."

"शिंग मोडलं तवा तू तिसरीत होती."

"हाव."

खाली दुकानात कुणीतरी बियाण्याचा भाव विचारत होतं. मारोतरावांनी ते शिंग बोटाने पुन्हा एकदा गिरवलं. मग दुपट्टा सारखा करून प्रशांतभाऊकडे वळले.

"हेडमास्तरले मी सांगतो, जागा दुसऱ्याले द्या म्हणून. तुमी पहिले ते बैल सोडायचं पाहा!"