तळाचा थर

"मॅडम, रक्तात काहीच नाई? मंग गोयी गेली कुठं?"

हवालदारांनी तिसऱ्यांदा विचारलं. तेच तर मलाही कळत नव्हतं.

रिठद गावचे एक म्हातारे गृहस्थ झोपेतच गेले होते. सून म्हणत होती, "म्या रोजच्यासारखी झोपेची एकच गोयी देल्ली." नणंद म्हणत होती, अख्खी पट्टी दिली. खरं काय, ते आमच्या सरकारी प्रयोगशाळेत पोस्टमार्टेमचं रक्त तपासून मी सांगायचं होतं. पण माझ्या निकालात एकही गोळी नव्हती.

"बाई खोटं बोलून राह्यली," हवालदार म्हणाले. "एक देल्ली म्हन्ते, थे बी नाई. दुसरंच काही देल्लं असंन."

सुनेला रोज ठाण्यात बसवून ठेवत होते. माझ्यामुळे ती आणखीच अडकणार होती.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी विचारलं, "मशीन ठीक आहे ना? मग निल लिहा, काही सापडलं नाही म्हणून, आणि मोकळ्या व्हा."

मशीन ठीक होतं. माझंच डोकं चालेना.

आमचं काम तसं सरळ. आधी रक्तातली प्रथिनं काढायची. उरतं ते पाण्यासारखं दिसतं. तळाला तोटी असलेल्या फनेलमध्ये त्यात सॉल्व्हंट, म्हणजे औषध विरघळवून घेणारं द्रव, घालून हलवलं की औषध सॉल्व्हंटमध्ये जातं आणि दोन थर होतात. सॉल्व्हंटचा थर डिशमध्ये सुकवून उरेल ते मशीनवर तपासायचं, दुसरा थर फेकायचा. त्या दिवशी डिश सुकता सुकत नव्हती. डिश तापवणाऱ्या वॉटर बाथला मी शिव्या घातल्या होत्या.

शेवटी कंट्रोल लावला. म्हणजे औषध नसलेल्या रक्तात आपणच औषध घालायचं आणि काढून बघायचं. हे सोबतच करायचं असतं, घाईत मी टाळलं होतं. तेही निल आलं. माझ्या हातानं घातलेलं औषध गायब! आता मात्र मी पार चक्रावले.

बसल्या बसल्या समोरच्या बाटलीचं लेबल वाचलं. आमचं नेहमीचं सॉल्व्हंट, क्लोरोफॉर्म, संपलं होतं, म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच इथाइल ॲसिटेट घेतलं होतं. क्लोरोफॉर्म जड, ते तळाशी बसतं. हे हलकं, वर तरंगतं. मी सवयीनं तोटी उघडून तळाचा थर घेतला, वरच्या थरातलं औषध फेकून दिलं आणि दोन्ही वेळा पाणी सुकवत बसले. फार लाज वाटली.

एका वेळेपुरतंच रक्त उरलं होतं. या वेळी वरचा थर घेतला. डिश लगेच सुकली. औषध सापडलं, रोजच्या गोळीला साजेल इतकंच.

हवालदार रिपोर्ट न्यायला आले. "म्हंजे बाई खरं बोलत होती?"

"हो. चूक माझी होती."

त्यांनी ठाण्यात फोन लावला आणि म्हणाले, "त्या बाईले घरी जाऊ द्या."

आता फनेलला चिकटपट्टी लावून त्यावर सॉल्व्हंटचं नाव लिहिते. साहेब हसतात. हसू देत. हाताला सवय असते, पण लेबल वाचता येत नाही.