साठीतलं थांबणं

रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या किचनमध्ये कॉफीचे कप पुसता पुसता त्यांनी मला लग्नाचं विचारलं. मी एकोणसाठ वर्षांची, नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झालेली. ते मूळचे नागपूरचे, माझ्याहून थोडे मोठे, तेही एकटेच. अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या मराठी प्रार्थनासभेत हार्मोनियम वाजवायचे. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. तेच म्हणाले, "पोरीला विचारा न आधी."

माझी मुलगी शिकागोत नर्स आहे. जन्म इथला, मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत. ऐकून ती रडायलाच लागली. बाबांच्या जागी कुणी आलेलं इतक्यात बघवणार नाही, म्हणाली. मग डोळे पुसून तिनेच तोड काढली : "तुम्ही नुसते एकत्र राहा ना, आई. लग्नाची काय गरज आहे? तेवढं मी समजून घेईन."

माझ्या आईच्या तोंडून हे ऐकलं असतं तर मी घेरी येऊन पडले असते, आणि इथे माझी लेक मला सुचवत होती! मैत्रिणीचंही तेच. "या वयात कसली वाट बघतेस? इथे कोण विचारतंय?"

खरं सांगायचं तर मलाही मोह झाला. रोज एका माणसापुरती भाजी करून मी कंटाळले होते. मी त्यांना हे सगळं सांगितलं.

"मला तर आजच बॅग भरावीशी वाटते," ते म्हणाले. "पण देवासमोर शब्द न देता राहिलो, तर तुमच्या घरात मी पाहुणाच. आणि पोरीचं मन मोडून लग्न केलं, तर तेही गोड लागणार नाही. थांबू."

"किती?"

"ते कसं सांगू?"

म्हणून थांबलो. ते सोपं मुळीच नव्हतं. जानेवारीत एका दुपारी ते माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला आले आणि चहा होईपर्यंत पुन्हा तेवढाच बर्फ साचला. वरची खोली रिकामी होती. मी म्हटलं, "राहा आज." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कोट चढवला आणि गाडी काढली. घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत मी प्रार्थना करत होते आणि मधूनमधून देवाशी भांडतही होते. राहिली वर्षं किती, त्यातलीही आम्ही अशी का घालवायची? फोन आला तेव्हा मी नीट बोललेही नाही.

फेब्रुवारीत मुलगी मला भेटायला ट्रेनने येत होती. पुन्हा बर्फ, आणि माझी गाडी सुरूच होईना. मी त्यांना फोन केला. ते स्टेशनवर जाऊन तिला घेऊन आले. एरवी दहा मिनिटांचा रस्ता, त्या दिवशी तास लागला. तिला दारात सोडून ते निघाले. आत आल्यावर ती बूट काढत बराच वेळ खाली बसून राहिली.

"गाडीत काय बोललात गं?" मी विचारलं.

"काका बाबांबद्दल विचारत होते," ती म्हणाली. "बाबा चर्चमध्ये गायचे का, मला सायकल कुणी शिकवली. हल्ली मला बाबांबद्दल कुणी विचारतच नाही, आई. तूसुद्धा नाही."

तिला वाईट वाटेल म्हणून मी तो विषय काढत नसे. त्या संध्याकाळी आम्ही दोघी तिच्या बाबांबद्दल पोटभर बोललो. लग्नाचं नावही निघालं नाही.

ईस्टरला तिनेच त्यांना जेवायला बोलावलं. मटण वाढता वाढता म्हणाली, "काका, जूनमध्ये मला सुट्टी मिळेल. चर्चच्या पाळकसाहेबांना विचारा, तेव्हा लग्न लावायला जमेल का."

ते घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मला तर रडूच फुटलं.

जूनमध्ये लग्न झालं. साक्षीदार म्हणून तिने सही केली आणि फोटोत ती आमच्या मधोमध उभी राहिली. ते महिने वाया गेले का, असं मैत्रीण अजून विचारते. माझ्या वयाला महिने मोठे असतात, हे मला मान्य आहे. पण लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी ते स्वयंपाकघरात आले, डबे उघडून चहापत्ती शोधू लागले, आणि तेवढ्यात मुलीचा फोन आला. मी स्पीकर लावला. ते चहा उकळत तिच्याशी बोलत होते आणि मी टेबलाशी नुसती बसून होते. कुणापासून काही लपवायचं नव्हतं. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.