दोन रायफली आणि एक अंगठा

माझ्याकडे दोन रायफली होत्या, दोन्ही लिव्हरच्या. चापाभोवतीची कडी खाली ढकलून वर ओढली की रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. एक जुन्या घडणीची: अक्रोडाचा दस्ता, निळसर काळं लोखंड. दुसरी नवी, स्टेनलेस, वर दुर्बीण बसवायला पट्टी. आयर्लंडमधल्या मलिंगारजवळच्या आमच्या नेमबाजी क्लबात यावर वाद चालायचे. माझं ठरलेलं होतं. पावसाला नवी, हाताला जुनी.

खरा फरक घोड्यात. जुनीला सुरक्षेचा वेगळा खटका नाही. काडतूस आत असताना थांबायचं असेल, तर घोडा अंगठ्याने धरून हळूहळू खाली आणायचा. सगळी भिस्त अंगठ्यावर. नवीला आडवं बटण आहे. ते दाबलं की घोडा निसटला तरी बार उडत नाही.

गेल्या खंडेनवमीला दोन्ही पाटावर मांडल्या. शेजारी बायकोचा स्टेथोस्कोप आणि माझं ड्रिल. तिने ओलं हळदकुंकू लावलं. कायद्याने रायफली कपाटात कुलपात हव्यात, आणि पूजेचं कुंकू दसऱ्याआधी पुसायचं नाही. मी दोन्ही पाळलं, कुंकवासकट कपाटात ठेवल्या. दसऱ्याला पाहुणे आले, पुसायचं राहिलं. ते गेल्यावर पाहिलं, तर जुनीवर बोटाएवढा गंज चढला होता.

"माझी सवतच ती," बायको म्हणाली. "कुंकवाची हौस असणारच."

हिवाळ्यात माझी मानेतली नस दबली. उजवा अंगठा बधिर झाला. शर्टाची बटणं लागत होती, म्हणून मी क्लबात जात राहिलो. एकदा शेजाऱ्याचं लक्ष्य वाऱ्याने पडलं आणि थांबायची हाक आली. मी जुनीचा घोडा उतरवू लागलो. तो अंगठ्याखालून निसटला, मला कळलंही नाही. गोळी समोरच्या मातीच्या बांधात गेली.

रेंज सांभाळणारा म्हातारा आला. त्याने रायफल माझ्या हातातून घेऊन रिकामी केली.

"ग्रँड आहेस ना?" इथे ठीक असण्याला ग्रँड म्हणतात.

"हो."

"मग आज एवढं पुरे."

बायको इथल्याच हॉस्पिटलात डॉक्टर आहे. घरी तिने आपलं बोट माझ्या अंगठ्याखाली धरलं.

"दाब."

"दाबतोय."

"अरे, जोरात दाब."

"जोरातच दाबतोय."

तिने बोट काढून घेतलं. "थोडं बळ येईल," ती म्हणाली. "पूर्वीसारखं नाही."

जुनी मी विक्रेत्याकडे सोपवली. त्याने डागावरून नख फिरवलं. "हे काय लागलंय? असो, घासून जाईल."

"जाईल," मी म्हणालो.

यंदा पाटावर एकटी नवीच होती. दसऱ्याला सकाळीच आठवणीने कुंकू पुसलं. फडकं लाल झालं. पोलादावर काहीच राहिलं नाही. बटण डाव्या हाताने दाबून मी ती कपाटात ठेवली. शेजारची खाच रिकामीच आहे. तिथे आता तेलाची बाटली ठेवतो. ती फारशी लागत नाही.