पोस्टकार्डामागोमाग नाकाडोंगरीला

नाकाडोंगरीला मी हौसेनं गेले नव्हते. स्वतःच केलेली चूक निस्तरायला गेले होते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी चोवीस वर्षांची, राहायला नागपुरात. दर शनिवारी भंडाऱ्याला जाऊन कॉलेजच्या मुलामुलींचा छोटा बायबल-अभ्यास गट चालवायची. त्यात शोभा होती, नाकाडोंगरीजवळच्या शेतकरी हिंदू घरातली. दिवाळीआधी ती म्हणाली होती, "ताई, मी रोज येशूजवळ प्रार्थना करून राहिली. पण घरी सांगाले भेव लागते मले." सुट्टीत मी तिला लिहिलं, 'ती गोष्ट घरी सांगायचं धैर्य तुला मिळो, आम्ही सगळे प्रार्थना करतोय.' तेही उघड्या पोस्टकार्डावर! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सुट्टी संपून दोन आठवडे झाले तरी शोभा वसतिगृहात परतली नाही, तेव्हा मी तिच्या घरी जायचं ठरवलं.

सकाळच्या एसटीनं निघाले. जवाहरनगरला फॅक्टरीची माणसं चढली-उतरली, भंडारा स्टँडवर तर्री-पोहे घेतले पण अर्धे टाकले. तुमसरला गाडी बदलावी लागते. तिथे जेवून घ्यावं, पुढे फारसं काही मिळत नाही. तिकीट तेव्हा आजच्या दोन चहांइतकं होतं. तुमसरच्या पुढे खाणींचे ट्रक आणि धूळ, मग जंगल, मधेमधे कापणीला आलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. आज त्या रस्त्यानं गेलात तर खिडकीशी बसा. मी खिडकीशीच होते, पण सारा वेळ तिच्या वडिलांशी काय बोलायचं याची घोकंपट्टी करत होते.

नाकाडोंगरीला उतरून चहाच्या टपरीवर शोभाच्या घराचा रस्ता विचारला. टपरीवाल्यानं मला खालून वर पाहिलं.

"कारडवाली बाई तुमीच काय?"

तिथेच परत फिरावंसं वाटलं. अर्धा तास चालून घरी पोचले तेव्हा घोकलेलं सगळं विसरले होते.

वडील अंगणात धानाचे भारे रचत होते. त्यांनी बाज टाकली, पाणी दिलं. आईनं न विचारताच भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण वाढलं. माझं जेवण होईपर्यंत कोणी विषय काढला नाही. 

मग वडील समोर बसले. "पोष्टमननं कारड पारावर वाचलं, बाई. गाव म्हणते, पोराची भानगड आहे. पोरगी म्हणते, पुढं शिकाची गोष्ट होती. तुमी सांगा, खरं काय?"

दारामागे शोभा उभी होती. मी 'हो, शिकायचंच' म्हटलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी कॉलेजात आली असती. पण खोटं बोलू नये हे दर शनिवारी मीच शिकवत होते. मला रडू येईल असं वाटलं.

"ते शोभानंच सांगायला हवं," मी म्हणाले. तो भित्रेपणा होता की शहाणपण, मला अजून ठरवता आलेलं नाही.

शोभा बाहेर आली आणि तिनं खाली बघत सगळं सांगून टाकलं. वडील ओरडले नाहीत. ते माझ्याकडे वळले.

"तुमी शिकल्या-सवरलेल्या. मंग पाकिटात काहून नाही टाकलं? पोरगी माही, अन् तिच्या मनातलं मले पारावर आयकाचं?"

मी हात जोडून माफी मागितली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"पोरगी कॉलेजात जाईन. तुमच्या बैठकीत नाही. कबूल?"

माझ्याआधी शोभाच म्हणाली, "कबूल, बाबा."

परतीची गाडी संध्याकाळची एकच होती. शोभा मला सोडायला फाट्यापर्यंत आली. गाडी दिसल्यावर म्हणाली, "ताई, माह्यासाठी प्रार्थना करत जा. पण कोणाले सांगू नका."

नागपूरला पोचल्यावर गटाचं काम करणाऱ्या सहकाऱ्यांनी घेरलं. नेमकं काय झालं ते सांग, म्हणजे नेमकी प्रार्थना करता येईल, असं त्यांचं म्हणणं. "ती कॉलेजात येतेय," एवढंच मी सांगितलं. लोक थोडे रागावले. शोभानं बी.ए. होईपर्यंत वडिलांना दिलेला शब्द पाळला. ती आता कुठे आहे, अजून प्रार्थना करते का, मला माहीत नाही. मी मात्र तिच्यासाठी रोज करते.

तिचं नाव शोभा नाही. खरं नाव मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.