लिफ्टमनच्या बायकोचा नरक

सात मजल्यांच्या त्या इमारतीत कचेऱ्या बावन्न होत्या, जिने दोन होते आणि लिफ्ट एकच. ओढायच्या जाळीचं दार, पितळी दांडा, कोपऱ्यात एक स्टूल. त्या स्टुलावर अठ्ठावीस वर्षं जो माणूस वर जात होता आणि खाली येत होता, त्याला सगळे 'वरखाली' म्हणत. आदर असला तर वरखालीकाका, घाई असली तर "अहो वरखाली, थांबा थांबा!" त्याला राग यायचा नाही. "वकिलाला वकील म्हणतात, मला वरखाली म्हणतात. खोटं काय आहे त्यात?" एवढंच म्हणून तो जाळी ओढायचा.

लिफ्ट मात्र रागीट होती. कधी कशावरून रुसेल याचा नेम नाही. महिन्यातून एकदा तरी ती दोन मजल्यांच्या मधेच फतकल मारून बसायची. मग आतली माणसं कासावीस व्हायची. कुणी जाळी हलवायचं, कुणी देवाचं नाव घ्यायचं, कुणी वरखालीचं घ्यायचं, पण भक्तिभावाने नव्हे.

अशाच एका अडकलेल्या दुपारी विमा कचेरीतला कारकून ओरडला, "नरक आहे हा, नरक!"

वरखाली तेव्हा तरुण होता. त्याच्या तोंडून सहज निघून गेलं, "छे हो! पंखा फिरतोय, दिवा चालू आहे, याला नरक म्हणतात का? तुमचा खरा नरक कसा असेल, सांगा बरं."

कारकून हळूच म्हणाला, "रांग. तीन तास उभा आहे मी. माझा नंबर येतो, आणि खिडकीतला माणूस जेवणाचा डबा उघडतो. सावकाश जेवतो. डबा धुवायला जातो. परत येतो, माझ्याकडे बघून छान हसतो... आणि दुसरा डबा उघडतो."

लिफ्टमध्ये असा हशा पिकला की वर काम करणारा मेकॅनिक घाबरून खाली वाकून बघायला लागला. त्या दिवशी वरखालीला आपल्या धंद्याची किल्ली सापडली. तेव्हापासून लिफ्ट अडकली की तो स्टुलावर मांडी ठोकायचा आणि म्हणायचा, "चला, नरक काढा!" नियम एकच. उकळतं तेल, यमदूत, आग यांतलं काही चालणार नाही. उसना नरक नको, ज्याचा त्याचा घरचा पाहिजे.

आणि काय एकेक नरक निघायचे! टायपिस्ट बाईंच्या नरकात चाळीस डबे आणि चाळीस झाकणं होती, आणि एकही झाकण एकाही डब्याला बसत नव्हतं. पाचव्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर ज्या नरकात जाणार होते तिथे रोज उत्तम जेवण असायचं, पण घास उचलला की शेजारचा माणूस आ वासून म्हणायचा, "डॉक्टर, आता बसलाच आहात तर ही दाढ जरा बघता का?" सहाव्यावरच्या वकीलबाईंचा नरक फोनवर होता. "ओळखा पाहू कोण बोलतंय!" एवढंच पलीकडचा आवाज म्हणणार, आणि बाई जे नाव घेतील त्यावर "अंहं!" अनंत काळ नुसतं अंहं. माणसं सांगता सांगता अशी पेटायची की लिफ्ट सुरू झाली तरी कुणाला पत्ता नसायचा. एकदा तर एक गृहस्थ आपला मजला सोडून परत खाली आले, कारण चिकटपट्टीचं टोक न सापडण्याचा त्यांचा नरक पूर्ण सांगून झाला नव्हता.

"आणि वरखालीकाका, तुमचा?" असं कुणी ना कुणी विचारायचंच.

"माझा तळमजल्यावर सांगतो," तो म्हणायचा. तळमजला आला की माणसं सुटलेल्या बाणासारखी पळायची. माणसं ओळखून होता तो.

आता या माणसाच्या आयुष्यात हवं तसं काही घडलं नव्हतं असं नाही. नोकरी टिकली, मुलगी शिकून नोकरीला लागली, दात अजून स्वतःचे होते. एकच इच्छा राहिली होती. बायकोने एकदा, फक्त एकदा, त्याच्या लिफ्टमध्ये बसावं.

बायको हॉस्पिटलच्या शिवणखात्यात होती. चादरी, गणवेश, पडदे, दिवसभर मशीन चालवायची. कुणाला भ्यायची नाही. पण लहानपणी लपाछपी खेळताना ती एका लोखंडी कपाटात शिरली होती आणि बाहेरून कडी पडली होती. अख्खी दुपार. तेव्हापासून बंद जागा म्हटलं की तिच्या अंगाला कापरं भरायचं. अंघोळसुद्धा दार किलकिलं ठेवून. नवऱ्याचा डबा राहिला तर ती घेऊन यायची, पण जिन्याच्या तोंडाशी उभी राहून हाक मारायची. अठ्ठावीस वर्षांत तिने त्या जाळीच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. तो दरवर्षी एकदा विचारायचा, ती दरवर्षी "पुढच्या वर्षी" म्हणायची.

आणि आता पुढचं वर्ष उरलं नव्हतं. सोमवारपासून नवी, बटणांची, आपोआप दार लावणारी लिफ्ट बसणार होती. तिला स्टूलही नको होतं आणि स्टुलावरचा माणूसही. शनिवार हा वरखालीचा शेवटचा दिवस होता.

त्या शनिवारी चार वाजता त्याने तळमजल्यावर जाळी उघडली, तर समोर बायको. ठेवणीतले कपडे, हातात घट्ट धरलेली पिशवी, आणि चेहरा असा की जणू परीक्षेला आली आहे.

"चला," ती म्हणाली. "सातव्यापर्यंत नेऊन परत आणा. एक शब्द बोललात तर मी मागे फिरेन."

वरखालीला काय करू आणि काय नको असं झालं! त्याने स्टूल पुसलं. पुन्हा पुसलं. सकाळीच लखलखीत केलेला पितळी दांडा बाहीने घासला. तेवढ्यात वकीलबाई आणि दातांचे डॉक्टर घाईघाईने आत शिरले. त्यांना त्याने ओठांवर बोट ठेवून असं दटावलं, जणू पाळण्यात मूल झोपलंय. जाळी लागली. बायकोने डोळे मिटले. पहिला मजला, दुसरा, तिसरा. त्याची छाती अभिमानाने फुगत चालली होती. चौथा गेला.

आणि खाड!

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्याच्या मधे अडकली. अठ्ठावीस वर्षांचा शेवटचा रुसवा तिने नेमका यासाठी राखून ठेवला होता.

बायकोने डोळे उघडले. समोर भिंत होती. नुसती विटांची भिंत, जाळीच्या पलीकडे हातभर. तिच्या हातातली पिशवी गळून पडली. श्वास वर वर यायला लागला. "उघडा," ती म्हणाली. मग ओरडली, "उघडा म्हणते ना! अहो, कडी काढा!"

वरखालीने घंटा वाजवली. वरून मेकॅनिकचा आवाज आला, "वीस मिनिटं, काका!"

वीस मिनिटं! तिचे तर वीस श्वाससुद्धा निघतील असं दिसत नव्हतं. वकीलबाईंनी प्रसंग ओळखून आपला फोनवाला नरक सुरू केला, पण तिच्या कानापर्यंत काही पोचेना. डॉक्टरांनी दाढ काढली, म्हणजे नरकातली, तीही वाया गेली. वरखालीने तिचे दोन्ही हात धरले. बर्फ झाले होते. आपल्या हट्टापायी आपण हिला परत त्या कपाटात घातलं, असं त्याला वाटलं. आणि जे त्याने अठ्ठावीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते तो बोलून गेला.

"माझा ऐक. माझा नरक ऐक तू. अशीच लिफ्ट. मी एकटा. पहिला मजला येतो, जाळी उघडतो, कुणी नाही. दुसरा, कुणी नाही. तिसरा, चौथा... सातव्यापर्यंत. कुणालाच कुठे जायचं नाही. मी परत खाली येतो, परत वर जातो. बस. एवढाच."

वकीलबाईंनी मान खाली घातली. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. बायकोने मात्र नवऱ्याकडे टक लावून बघितलं, एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली,

"माणसं नाहीत, म्हणून नरक? अहो, शांतता आहे तिथे! मला द्या तो, मी स्वर्ग म्हणून घेईन! नरक माझ्याकडे आहे, माझ्याकडे!"

"कसा?" वकीलबाईंनी विचारलं.

"कसा काय? हे घरी येतात. पाय धुवायच्या आत सुरू. 'अगं, आज काय झालं! एक माणूस आला, डोक्याला पट्टी, हातात पिंजरा, पिंजऱ्यात काही नाही! मी विचारलं, पक्षी कुठे? तर तो रडायलाच लागला!' मी हातातली भाजी टाकून बसते. म्हणते, मग? मग काय झालं? तर हे म्हणतात, 'मग काय, तिसरा आला, उतरला.'"

डॉक्टर फिसकन हसले.

"हसू नका! अठ्ठावीस वर्षं! एक बाई यांच्या लिफ्टमध्ये बहिणीला सांगत होती, 'लग्नाच्या दिवशी मला कळलं की तो...' आणि चौथा आला, उतरल्या! काय कळलं? कोण तो? मी आठवडाभर मशीनवर बसून विचार करत होते, चार चादरी उलट्या शिवल्या! माझ्या डोक्यात सहा हजार गोष्टी आहेत हो, आणि एकीलाही शेवट नाही!" आता तिचा आवाज खणखणीत झाला होता, गालांवर रंग चढला होता. "शिवाय घरी पाहुणे आले की हे दारात उभे. 'आत या, आत या, मागे सरका, अजून दोघं मावतील!' अहो, घर आहे ते! रात्री झोपायच्या आधी 'तळमजला' म्हणून दिवा घालवतात! आणि या सगळ्या नरकातलं सगळ्यात वाईट काय, माहितेय? सगळ्यात वाईट म्हणजे..."

वर खडखड झालं. पाचव्या मजल्याची जाळी सरकली, उजेड आला आणि मेकॅनिकचे दोन तेलकट हात खाली आले. "स्टुलावर चढा, ताई! लवकर, हात द्या!"

आणि ती गेली. वर ओढली गेली. पाठोपाठ वकीलबाई, मग डॉक्टर. वरखाली खाली उभा राहून विचारत होता, "सगळ्यात वाईट काय? अगं, काय?" पण वर पाणी आणा, वारा घाला अशी गडबड चालली होती. पाचवा आला होता, ती उतरली होती. एवढा मोठा झटका त्याला उभ्या आयुष्यात बसला नव्हता. हिला रोज असं होतं?

अर्ध्या तासाने लिफ्ट दुरुस्त झाली, मेकॅनिकने त्याच्यासह ती तळमजल्यावर आणली आणि तो परत यंत्राच्या खोलीत गेला. आता नियमाप्रमाणे चाचणी फेरी. लिफ्ट अडकली की नंतर चालवणाऱ्याने एकट्याने, रिकामी, एकेका मजल्यावर न्यायची, जाळी पूर्ण उघडायची, दहा आकडे मोजायचे आणि लावायची. अशा किती फेऱ्या त्याने मारल्या असतील! पण त्या वेळी बाहेर माणसं ताटकळत असायची, "झालं का हो?" म्हणून कावायची.

आज शनिवारची संध्याकाळ झाली होती. लिफ्ट अडकल्याचं कळून सगळे जिन्याने घरी गेले होते.

पहिला मजला. जाळी उघडली. कुणी नाही. दहापर्यंत मोजलं. दुसरा. कुणी नाही. तिसऱ्यावर एक दिवा उगाच जळत होता. चौथ्यावर फरशी पुसून बादली उपडी घातलेली. पाचव्यावर मघाचं पाणी सांडलेलं, पण माणूस नाही, बायकोही नाही. गेली असेल घरी. जाणारच. आता ती या जाळीचं नाव काढणार नाही, या जन्मात तरी. सहाव्यावर वकीलबाईंच्या दाराला कुलूप. त्याने दहा मोजले, आणि खरं सांगायचं तर त्याला रडू आलं. सातव्याला जाळी उघडूच नये असं वाटत होतं. पण नियम तो नियम.

त्याने जाळी उघडली.

समोर बायको उभी होती. एक हात कठड्यावर, एक गुडघ्यावर, आणि धाप अशी लागलेली की बोलता येईना.

"अगं! जिन्याने? हा गुडघा घेऊन?"

"घरी निघाले होते, खाली जिन्यात मेकॅनिक भेटला. त्याला विचारलं," ती धापा टाकत म्हणाली, "चाचणी कुठे संपते. म्हणाला, सातव्यावर. मोजा तुमचे दहा."

त्याने मोजले. आकडे चुकले, परत मोजले. ती उंबऱ्याशी उभी होती. आत बघत होती, मागे जिन्याकडे बघत होती.

"आता म्हणा की," ती म्हणाली. "पाहुण्यांना तर म्हणता."

"आत या," वरखाली म्हणाला. "आत या, मागे सरका. अजून एक मावेल."

ती आत आली. स्टुलावर बसली, त्याच्या बाहीचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि या खेपेला डोळे उघडे ठेवले. "तळमजला," म्हणाली. "आणि हळू न्या. माझं अर्धं राहिलंय."

लिफ्ट निघाली. सहावा गेला.

"सगळ्यात वाईट म्हणजे," ती म्हणाली, "एखाद्या दिवशी तुम्ही दमून येता आणि काहीच सांगत नाही. त्या दिवशी मला झोप लागत नाही. आणि सोमवारपासून तर तुमच्याकडे सांगायला काही असणारच नाही. आता मी काय करू, सांगा."

पाचवा गेला. जिथे ती अडकली होती ती विटांची भिंत जाळीसमोरून सरकत गेली, तेव्हा तिची मूठ आवळली. मग चौथा गेला.

"तो पिंजरेवाला," वरखाली हळूच म्हणाला. "चल, त्याचं पुढे काय झालं ते आपण दोघं मिळून ठरवू."

"आधी पक्षी कुठला ते ठरवा," ती म्हणाली.

तिसरा मजला आला. कुणीच उतरलं नाही.